फळीखालचा टेकू

जरा डोळे मिटा आणि असं समजा, की तुमच्या पाठीवर सरकीचं पोतं आहे. सरकी म्हणजे कापसातली बी. ते पोतं तुमच्याहून जड आहे, मानेपासून कंबरेपर्यंत पसरलेलं आहे, आणि त्याच्याखाली तुम्ही इतके वाकला आहात की समोरचा माणूस दिसत नाही, आभाळ तर नाहीच नाही. दिसतात ते फक्त स्वतःचे दोन पाय. आणि पायांखाली जमीन नाही, एक लांब लाकडी फळी आहे. फळीचं एक टोक जमिनीवर टेकलेलं, दुसरं वर, पोत्यांच्या उंच थप्पीवर. तुम्ही चढू लागता. मध्यावर आलात की फळी तुमच्या वजनानं खाली लवते, आणि लगेच पुन्हा वर उचलते.

दिसलं ना? आता त्यात आणखी एक गोष्ट घाला. याच फळीवरून तुम्ही मागच्या हंगामात पडला आहात आणि तुमचा पाय मोडला आहे. तो आता पुरता जुळला आहे. दुखत नाही, ठणकत नाही. फक्त फळीवर जायचं आहे.

आता डोळे उघडा. तुम्ही मनात जिथं उभे होता ना, बरोबर तिथंच पुंजाराम उभा होता. अकोटच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, तिथल्या सरकीच्या गोदामात, महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या सुमाराच्या एका दिवाळीनंतर. हंगामाचा पहिला भोंगा वाजला होता, पाठीवर पहिलं पोतं होतं, आणि त्याचा डावा पाय फळीच्या मध्यावर येऊन थांबला होता.

थांबला म्हणजे अगदी थांबला. फळी खाली लवली, आणि त्या लवण्याबरोबर पुंजारामच्या पोटात काहीतरी खोल गेलं. गुडघा ताठ झाला. तो मनात पायाला म्हणाला, चल. पाय चालेना. फळीवर थांबणं हे सगळ्यांत वाईट, हे त्याला ठाऊक होतं. टोळीतल्या नवख्या माणसाला पहिल्या दिवशी तोच तर ते शिकवत असे. तरी तो थांबला होता, आणि खाली एकामागे एक पोती घेऊन वाकलेले हमाल खोळंबले होते.

त्यांच्या कामाची रीत अशी होती. फळीवर एका वेळी एकच माणूस चढायचा. वर पोहोचला, पोतं टाकलं, फळीवरून पाय काढला की तो मोठ्यानं ओरडायचा, "सुटली!" म्हणजे फळी मोकळी झाली. वाकलेल्या माणसाला वरचं काही दिसत नाही, म्हणून त्या एका शब्दावर सगळी रांग चालायची. पुंजारामच्या मागे देवराव होता. दोघांची जोडी जुनी. देवराव पोत्याखाली कान देऊन उभा होता आणि वरून शब्द काही येत नव्हता.

शेवटी पुंजाराम पोत्यासकट उलटा, एकेक पाऊल मागे घेत खाली उतरला. असं फळीवरून उलटं उतरताना त्या जिनात आजवर कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालं, "पुंजाभाऊ फळीले तब्बेत इचारून राहिला." रांगेत हसू पसरलं. पोती पाठीवर असताना माणूस मोकळा हसू शकत नाही, नुसता धापा टाकल्यासारखा आवाज येतो. तो आवाज पुंजारामच्या कानात दिवसभर राहिला.

खरं तर त्यानं तयारीत काही कसर ठेवली नव्हती. फाल्गुनात पडला तेव्हा नडगीचं हाड मोडलं होतं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. ते काढायच्या आदल्या रात्री तिथल्याच जठारपेठेत एका वकिलांच्या घरी मुक्काम केला, कारण त्याची मावसबहीण तिथं स्वयंपाकाला होती. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन वळवला, ठोकला, आणि म्हणाले, हाड चांगलं जुळलंय, आता हवं तर नाच. पावसाळ्यात काठी सुटली. अमरावतीला एका आखाड्यातले वस्ताद मोडलेल्या पायांना मालिश करतात असं कुणी सांगितलं, तर एस.टी.नं तिथंही जाऊन आला. वस्तादांनी तेल दिलं, बैठका सांगितल्या. त्यानं बैठका काढल्या. घरच्या अंगणात ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन चुलीपासून कडुनिंबापर्यंत फेऱ्या मारल्या. शेजारचे लोक पाहत, आणि पुंजाराम मुद्दाम डाव्या पायावर जोर देऊन चालून दाखवी.

जमिनीवर सगळं ठीक होतं. घोळ होता तो फळीवर.

खुशालराव मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्याला थप्पी उभी करायची होती. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, रेच्यांखालून, म्हणजे कापूस ओढणाऱ्या यंत्रांखालून, सरकी धो धो पडत होती. त्यानं दोन दिवस वाट पाहिली. दोन्ही दिवस पुंजाराम मध्यावर जाऊन अडकला. तिसऱ्या सकाळी मुकादमानं त्याच्या हातात दाभण आणि सुतळीचा गुंडा ठेवला आणि भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं.

पोती शिवायचं काम म्हाताऱ्या हमालांचं आणि बायांचं. त्यात हलकं काही नाही, हे लक्षात ठेवा. पण पुंजारामला ते दाभण हातात घेताना आपल्याला कुणीतरी फडताळात ठेवून दिल्यासारखं वाटलं. तो शिवायला बसे तिथून फळी समोरच दिसे. देवराव चढे, शेषराव चढे, मागचे पोरगेले हमाल चढत. "सुटली, सुटली," असं दिवसभर चाले, आणि पुंजारामची सुतळी वाकडी जाई.

त्याला कुणाचा राग यावा? फळी सरकली नव्हती, कुणी धक्का दिला नव्हता, कुणी हाक द्यायला चुकलं नव्हतं. फळीवर चार सरक्या सांडल्या होत्या आणि टाच त्यांच्यावरून घसरली होती, एवढंच. कुणाची चूक असती तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा वाटे. मग त्या माणसाला शिव्या देता आल्या असत्या. आता शिव्या द्यायच्या तर स्वतःच्या पायाला, आणि त्या तो देतच होता. पाय आपला, पोसतो आपण, आणि ऐकत मात्र नाही.

सल्ले देणारे पुष्कळ होते. देवराव म्हणाला, "काई इचार करू नको, डोये मिट अन् चढ." पुंजारामनं डोळे मिटून पाहिले, तर फळी अधिकच खोल गेल्यासारखी वाटली. शेषरावानं कुठल्याशा देवस्थानाचा काळा दोरा आणून पायात बांधला. मुकादम म्हणाला, मर्द माणूस तू, घाबरतोस काय. हे तर सगळ्यांत निरुपयोगी, कारण ते पुंजाराम स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगून चुकला होता. भीती असल्या बोलण्यानं जात नाही. फक्त तोंड बंद करून आत बसते.

घरीही तेच. त्याची बायको सुभद्रा त्याच जिनात रेच्यावर कापूस घालायला बसे. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "शिवा ना पोते. बाया नाई शिवत काय?"

"मंग काय बांगड्या भरू?" पुंजाराम ताट सरकवून म्हणाला.

सुभद्रानं ताट पुन्हा त्याच्यापुढं ओढलं. मग आपला उजवा हात समोर धरला. "हे बोटं पाहा. रोज रेच्यापाशी जाते. मागच्या साली त्या गंगीचं बोट गेलं, मायाच शेजारी बसली होती ते. मले भेव नाई वाटत काय? तुमालेच भेव हाय का दुनियेत?"

तिचं खरं होतं, हे पुंजारामला कळलं. आणि खरं होतं म्हणून तो अधिकच चिडला.

त्यांची मुलगी वच्छला दुपारी शाळा सुटल्यावर जिनात येत असे. ती चौथीत होती. आई-बापांची भाकर घेऊन यायची आणि मग फाटकापाशी किंवा बापाच्या शेजारी बसून राहायची. बाकी लोक पुंजारामला सांगत असत. वच्छला विचारत असे. हा मोठा फरक असतो.

"बा, दुखते काय?"

"नाई."

"मंग काय होते?"

पुंजारामनं दाभण पोत्यात खुपसलं. काय होतं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "फयी खाली जाते ना, तवा मले वाटते ते आता वर येणारच नाई."

वच्छलानं मान हलवली, जणू हे अगदी साधं उत्तर होतं, आणि ती पुन्हा सांडलेल्या सरक्या वेचू लागली.

पण बोलून टाकल्यामुळं पुंजारामच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पाय वाईट नाही, आपणही वाईट नाही. वाईट काय, तर ते लवणं. फळी लवली नाही तर भीती कशाची? अशा वेळी माणसाला उपाय फार लवकर सापडतो, आणि लवकर सापडलेल्या उपायाला तो दुसऱ्यांदा तपासून पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधीच तो गोदामात आला. फाटकाशेजारी एका मोडक्या गाडीचं जू पडलेलं होतं. त्याचा एक जाड तुकडा त्यानं उचलला, दोन विटांवर उभा करून फळीच्या बरोबर मध्याखाली टेकू दिला, आणि पुढं रिकामी पोती टाकून तो दिसेनासा केला. मग मोकळ्या अंगानं फळीवर चढून पाहिलं. मध्यावर गेला. उडी मारल्यासारखं केलं. फळी हलली नाही. सडकेसारखी घट्ट होती. पुंजारामला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

लोक आले तेव्हा त्यानं दाभण बाजूला ठेवलं आणि गोणपाटाची खोळ डोक्यावर घातली. मुकादमानं नुसत्या भुवया वर केल्या. दोघांनी पोतं उचलून त्याच्या पाठीवर दिलं. पुंजाराम चढला. मध्यावर पायाखाली काही गेलं नाही, पोटात काही गेलं नाही, आणि तो सरळ वर पोहोचला. पोतं टाकलं. छाती भरून ओरडला, "सुटली!"

खालून देवराव निघाला.

आता देवरावची चाल समजून घ्या. तो त्या फळीवर कितीतरी हंगाम चढलेला. त्याच्या डोक्याला माहीत नसेल, पण पायांना माहीत होतं, की अमुक पावलाला फळी खाली जाणार आणि पुढच्या पावलाला ती आपल्याला वर फेकणार. तुम्ही अंधारात जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकता आणि तिथं पायरी नसते, तेव्हा कसा हिसका बसतो? देवरावला तसा हिसका बसला. त्याचा पाय फळी खाली जाण्याची वाट पाहत राहिला, ती गेलीच नाही. पाठीवरचं पोतं पुढं आलं. त्याला कळलं की आपण चाललो, तेव्हा त्यानं पोतं सोडलं आणि अंग बाजूला फेकलं. पोतं जमिनीवर पडून फुटलं. देवराव सरकीच्या ढिगात पडला, म्हणून वाचला. पण उजवं मनगट अंगाखाली मुरगळलं.

सगळे धावले. पुंजाराम थप्पीवरून पोत्यांवर पाय देत खाली आला, तोवर मुकादमानं फळीखालची रिकामी पोती पायानं बाजूला केली होती. जुवाचा तुकडा सगळ्यांच्या समोर उघडा उभा होता.

मुकादमानं विचारलं, हे कुणाचं काम? विचारायची गरज नव्हती. पुंजाराम म्हणाला, माझं.

देवराव मनगट धरून बसला होता. चेहरा पांढरा पडला होता. तो ओरडला नाही. "तुले भेव वाटलं, ते ठीक हाय," तो म्हणाला. "पण तुया भेवानं मले पाडलं, पुंजा."

मग जणू स्वतःशीच तो पुढं म्हणाला, "फयी लवते म्हणून तं आपुन चढतो. खाली जाते अन् मंग वर देते. थे वर देणंच काढून टाकलं तुनं."

हे पुंजारामला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्याच पायांना हे कधीकाळी ठाऊक होतं. पण ते त्यानं कधी शब्दांत ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं ते अशा वेळी, की कानाला चटका बसावा.

खुशालराव मुकादमानं निकाल दिला. देवराव बरा होईपर्यंत टोळीत एक माणूस कमी. उद्या बाजार, जीन बंद. परवा पुंजारामनं टेकूशिवाय फळीवर चढायचं. नाही चढला, तर हिवरखेडचा एक गडी काम मागायला रोज फाटकापाशी येऊन उभा राहतो, त्याला ती जागा द्यायची. आणि एकदा दिली की मग ती त्याचीच. जुवाचा तुकडा कुणीतरी उचलून भिंतीशी टेकवून ठेवला.

त्या संध्याकाळी पुंजाराम अंगणात कडुनिंबाखाली बसून राहिला. सुभद्रा देवरावच्या घरी हळद घेऊन गेली, तो गेला नाही. जायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. पण तिथं जाऊन म्हणायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला म्हणाली, "बा, जिनात जाऊ."

जीन बंद होतं, पण पहारेकरी ओळखीचा होता. त्यानं फाटक किलकिलं केलं. यंत्रं थांबली की जीन फार मोठं वाटतं. गोदामात कवडशातून कापसाची धूळ तरंगत होती. पुंजाराम फळीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडे असा पाहू लागला, जसं भांडण झालेल्या भावाकडे पाहावं. तेवढ्यात वच्छला त्याच्या बाजूनं निघाली आणि फळीवर चढलीसुद्धा.

तिला त्यात काही वाटलं नाही. मुलांना हलणारी वस्तू आवडते. ती मध्यावर गेली आणि मुद्दाम गुडघे वाकवून उड्या मारू लागली. पुंजाराम खालून पाहत होता. फळी त्यानं आजवर वरून पाहिली होती, बाजूनं अशी कधीच पाहिली नव्हती. ती खाली जायची, क्षणभर थांबायची, आणि वर यायची. खाली जायची आणि वर यायची. एकदाही खालीच राहिली नाही. हे त्याला दिसत होतं, आणि तरी दर वेळी ती खाली जाताना त्याची मूठ आवळली जात होती. त्याला स्वतःची कीव आली, आणि कीव आली याचा राग आला.

"उतर खाली," तो म्हणाला. आवाज नको तितका मोठा निघाला.

वच्छला दचकली. तिनं वळून पाहिलं, पाय फळीच्या कडेवर पडला, आणि ती खाली आली. उंची फार नव्हती, खाली सरकीचा ढीग होता. पण ढिगाच्या कडेला पुंजारामनं काल बाजूला ठेवलेलं दाभण तसंच राहून गेलं होतं, त्यानं तिचा गुडघा चांगला लांब ओरखडला. रक्त आलं. ती रडू लागली.

पुंजारामनं तिला उचललं, धोतराच्या सोग्यानं रक्त पुसलं, पहारेकऱ्याकडून पाणी आणलं. दाभण आपलंच, ओरडलोही आपणच. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण ते त्याच्या मनातून हलेना.

रडणं थांबल्यावर वच्छला म्हणाली, "मी नाई चढत आता."

पुंजारामच्या जिभेवर आलं होतं, काही होत नाही, घाबरू नको, डोळे मिट आणि चढ. जे जे त्याला लोकांनी सांगितलं होतं ते सगळं रांगेनं आलं. पण हे सगळं त्याचं स्वतःचं ऐकून झालं होतं, त्यातलं काही कामाला आलं नव्हतं. मग पोरीला कशाला द्यायचं? तो तिच्या शेजारी टेकला. मग म्हणाला, "नको चढू. नुसती बसू."

"कुठं?"

"मंदात. मी बी बसतो."

दोघं फळीवर चढले, म्हणजे खरं तर बसून बसून सरकत गेले. लहान मूल जिना चढतं तसे. मोठ्या माणसाला हे शोभत नाही. पण पाहायला कुणी नव्हतं. मध्यावर पोहोचले आणि पाय खाली सोडून शेजारी शेजारी बसले. पुंजारामच्या वजनानं फळी चांगली लवली. त्याच्या पोटात तेच झालं जे रोज होत होतं. वच्छलानं त्याचा दंड घट्ट धरला. ती घाबरली होती म्हणून धरला, का तो घाबरला होता म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ते बसून राहिले. बसल्या बसल्या पुंजारामनं हळूच फळीवर अंगाचं वजन दिलं. फळी गेली, आली. पुन्हा दिलं. गेली, आली. वच्छलाच्या परकराच्या ओच्यात फुटाणे होते, ते तिनं काढले. दोघांनी खाल्ले. फुटाणे संपले तरी ते तिथंच होते. पोटात खोल जाणं काही थांबलं नाही. पण किती वेळ एखादी गोष्ट तितकीच भयंकर वाटत राहणार? पुढं पुढं तर पुंजारामला तिचा नुसता कंटाळा आला, आणि एकदा जांभईसुद्धा आली. वच्छलाला त्या जांभईचं हसू आलं.

घरी जाताना ते देवरावच्या घरावरून गेले. पुंजाराम आत गेला. देवरावचं मनगट हळदीनं पिवळं झालं होतं. माफीबिफी काही पुंजारामला जमली नाही. तो म्हणाला, उद्या चढून पाहतो. देवराव म्हणाला, "चढ, नाई तं पड. पण जे करशीन ते उघड कर." मग त्यानं चहा पाजला.

तर आता तो दिवस. तुम्हाला वाटेल, पुंजारामची भीती आता गेली असेल. नाही गेली. भोंगा वाजला, पोतं पाठीवर आलं, आणि पायथ्याशीच त्याचे तळवे ओले झाले. फाटकापाशी हिवरखेडचा गडी उभा होता. देवराव मनगट बांधून, रांगेच्या बाजूला, नुसता पाहायला आला होता. पुंजाराम चढला. मध्यावर आला. फळी खाली गेली, गुडघा ताठ झाला, आणि तो थांबला.

रांगेत कुणी हसलं नाही. ते अधिकच वाईट.

पण या वेळी तो मागे सरकला नाही. पोतं पाठीवर घेऊन तो तसाच उभा राहिला, काल बसला होता तसा, आणि फळीला हलू दिलं. ती वर आली. पुन्हा खाली गेली. वर आली, तेव्हा त्यानं पाऊल उचललं. पुढची पावलं कशी पडली हे त्याला आठवत नाही. वर जाऊन त्यानं पोतं टाकलं. "सुटली" म्हणाला, तो इतक्या हळू, की खालच्या शेषरावानं विचारलं, "सुटली का नाई रे?" मग तो पुन्हा मोठ्यानं ओरडला.

यात आनंद व्हावा असं फार काही नव्हतं. त्याला एका पोत्याला जितका वेळ लागला, तितक्यात दुसरे किती तरी नेत. दुपारपर्यंत तो चढला, पण दर वेळी मध्यावर थांबत थांबत, आणि मुकादम घाम पुसत होता. आणि एक खोड त्याला लागली होती, जी त्याची त्यालाही कळत नव्हती. दर वेळी पोतं घ्यायला येताना तो भिंतीकडे पाही. तिथं जुवाचा तो तुकडा उभा होता. चढण्याआधी एकदा तिकडे डोळा जाई, मगच फळीकडे.

दुपारी वच्छला भाकर घेऊन आली. गुडघ्यावर खपली धरली होती. ती नेहमीच्या जागी बसली आणि पाहू लागली. बाप आला, भिंतीकडे पाहिलं, चढला. बाप आला, भिंतीकडे पाहिलं, चढला. मग एकदा तो आला, भिंतीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. पाठीवर पोतं देणारे दोघं ताटकळले. त्यानं शेषरावाला हातानं खूण केली, तू जा पुढं. शेषराव गेला. त्याच्या मागचा गेला. पुंजाराम बाजूलाच उभा. मुकादमानं फाटकाकडे नजर टाकली.

वच्छला उठली. तिनं बापाला काही सांगितलं नाही, विचारलंही नाही. ती सरळ भिंतीपाशी गेली. तो तुकडा तिला जड होता. पहिल्यांदा नुसता तिरपा झाला. मग ती त्याच्याकडे पाठ करून खाली वाकली, दोन्ही हात मागे घेऊन तो खांद्यावर ओढला, आणि हमाल उठतो तशी गुडघ्यांतून उठली. खपली उकलली, गुडघ्यावर रक्ताचा एक थेंब आला. तिनं तो पाहिला आणि सोडून दिला.

"वच्छले, ठेव तो," पुंजाराम म्हणाला.

ती थांबली नाही. वाकलेली, पायांकडे पाहत, ती गोदामातून बाहेर पडली आणि अंगण ओलांडून फाटकापाशी पोहोचली. पहारेकऱ्यानं विचारलं, काय नेऊन राहिली वं? आत थप्पीवरून कुणीतरी ओरडलं, "सुटली!"

"चुलीले लाकूड," वच्छला म्हणाली, आणि हिवरखेडच्या गड्याच्या बाजूनं वाट काढत ती रस्त्याला लागली.